ओडोराइज : गॅसला वास ‘लावतात’, ‘घालतात’ की ‘आणतात’?

ओवी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एका क्रियापदापाशी तीन दिवस अडून बसले आहे, म्हणून हा धागा.

घरोघरी स्वयंपाकाला जाणाऱ्या बायकांसाठी गॅसच्या सुरक्षिततेवर एक छोटी पुस्तिका निघते आहे आणि तिचं इंग्रजीतून मराठी करण्याचं काम माझ्याकडे आलंय. मूळ वाक्याचा अर्थ असा : एलपीजीला स्वतःचा वास नसतो, म्हणून तो इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन वापरून ‘ओडोराइज’ केलेला असतो. पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी लिहिलं, ‘गॅस सुगंधित केलेला असतो’. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना ते वाचून दाखवलं. पोळी लाटता लाटता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे गॅसचा वास चांगला असतो म्हणायचं का? मला तर मळमळतं त्यानं.”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. सुगंधात ‘सु’ आहे आणि इथे तर जाणूनबुजून घाणेरडा वास घातलेला असतो. मग ‘गंधित’ लिहून पाहिलं. पण मराठीत गंध म्हटलं की आधी सहाणेवर उगाळलेलं चंदन डोळ्यांपुढे येतं. ‘गॅसला गंध लावतात’ असं वाक्य छापलं तर मावशी मला काय म्हणतील ते सांगायला नको. ‘गंधयुक्त करणे’ अर्थाला बरोबर बसतं, पण तो शब्द बोर्डाच्या पुस्तकातला. पोळपाटापाशी तो कोणी उच्चारत नाही.

तुमच्याकडे काय म्हणतात? आणि इंग्रजीत हे क्रियापद नेमकं कुठे वापरतात, कुठे नाही, हेही कोणी उलगडून सांगितलं तर फार बरं होईल. आधीच्या एका अनुवादकाने ते चक्क ‘वास घेणे’ या अर्थाने घेतलेलं मी पाहिलं आहे.

---

निळी ज्योत

ओवीताई, चांगला विषय काढलात. मी अठरा वर्षं गॅस भरण्याच्या कारखान्यात काढली, तेव्हा आधी कामाचं सांगतो, शब्दाचं नंतर.

ओडोराइज करणे म्हणजे ज्याला वास नाही (किंवा पुरेसा नाही) अशा वस्तूत वासाचा पदार्थ मोजून मिसळणे. ‘वास घेणे’ मुळीच नाही. इंग्रजीतलं ‘स्मेल’ दोन्ही बाजूंनी चालतं : मी फूल स्मेल करतो आणि मासे स्मेल करतात. ओडोराइज तसं चालत नाही. करणारा माणूस किंवा यंत्र, आणि कर्म म्हणजे ज्याला वास येऊ लागतो ती वस्तू. बहुतेक वेळा ते कर्मणीतच भेटतं, ‘गॅस ओडोराइज केलेला आहे’ असं. जो पदार्थ मिसळतात तो ओडोरंट. आणखी एक बारकावा लिहिणाऱ्यांसाठी : ब्रिटिश इंग्रजीत ‘ओडर’ या नामात यू असतो, पण ओडोराइज, डीओडोराइज, ओडरस यांत तो गळतो. तिकडचे लोकसुद्धा इथे चुकतात.

कारखान्यात मात्र हे क्रियापद आमच्या तोंडी नव्हतंच. आम्ही ‘डोसिंग’ म्हणायचो. ‘मरकॅप्टनचं डोसिंग झालं का?’ एवढंच.

आता मोजून म्हणजे किती? एलपीजी हवेत साधारण दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. नियम असा की त्या किमान प्रमाणाच्या एक-पंचमांशावरच साध्या माणसाच्या नाकाला तो कळला पाहिजे. म्हणजे धोक्याच्या पाचपट आधी नाकाने बोंब मारायला हवी. इथिल मरकॅप्टन यासाठी निवडलं कारण हवेच्या एक अब्ज भागांत त्याचा एखादा भाग असला तरी माणसाचं नाक ते पकडतं. कुजका कोबी, सडका कांदा, लसूण यांच्या जातीतला तो वास. त्यात गंधक आहे आणि ते पडताळायला रसायनशास्त्र यावं लागत नाही.

---

तिरफळ

मी रसायन शिकलेले नाही, पण मालवणी घरात वाढले, तेव्हा वासाबद्दल बोलायचा अधिकार घेते. :)

ओवी, तुझं उत्तर क्रियापदात नसून विभक्तीत आहे असं मला वाटतं. हे बघ :

‘भाताचा वास येतोय’ म्हणजे कोणाकडे तरी आंबेमोहोर शिजतोय आणि आपल्याला भूक लागलीय.

‘भाताला वास येतोय’ म्हणजे भात उतरलाय, टाकून दे.

फरक फक्त ‘चा’ आणि ‘ला’ चा. दुधाचा वास आणि दुधाला वास. पाण्याला वास येतोय म्हटलं की लगेच टाकीत काहीतरी पडलंय का ते बघायला धावतो आपण. ‘ला’ लागला की मराठी माणूस सावध होतो. वस्तूला जो वास असायला नको तो आलाय, हे त्या एका अक्षरात येतं. (फुलाला वास आहे म्हणतो तेव्हा तक्रार नसते, मान्य. पण तिथे ‘आहे’ असतं, ‘येतोय’ नसतं.)

म्हणून ‘गॅसचा वास’ म्हणण्यापेक्षा ‘गॅसला वास’ अशी रचना घेतलीस तर अर्धं काम तिथेच होईल. क्रियापद मग लावणे असो, आणणे असो.

---

ओवी

तिरफळ, हे वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि प्रत्येक डब्यावर हा प्रयोग करून पाहिला. तेलाचा वास, तेलाला वास. पिठाचा वास, पिठाला वास. सगळीकडे तसंच! इतकी वर्षं बोलतेय, कधी लक्षात आलं नव्हतं.

पण एक अडचण. गळती झाली की आपण ओरडतो ‘गॅसचा वास येतोय!’ इथे ‘चा’ आहे आणि तरी धोका आहे.

---

तिरफळ

हो, कारण तिथे गॅस दिसत नाहीये, फक्त वासावरून तो आहे असं कळतंय. आंबेमोहोर शेजारच्या घरात आहे आणि वास आपल्या घरात आलाय, तसंच. ‘चा’ वाला वास निरोप घेऊन येतो आणि ‘ला’ वाला त्या वस्तूला चिकटलेला असतो. ओडोराइज करताना वास वस्तूला चिकटवतात, म्हणून ‘ला’. आणि गळतीच्या वेळी तोच वास ‘चा’ होऊन नाकापर्यंत निरोप आणतो.

---

पोथीवाचक

चर्चा सुंदर चालली आहे. थोडं मागचं सांगतो.

वस्तूला वास लावण्याची क्रिया आपल्याकडे एका शब्दात उरकलेली नव्हती, तिच्या पायऱ्या होत्या. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ति’ नावाचा अध्यायच आहे. पुढे गंगाधराच्या ‘गंधसार’ या ग्रंथात सहा क्रिया दिल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्ण सुगंधी द्रवात भिजवून मुरवणं ते भावन, विस्तवावर शिजवणं ते पाचन, उदाचा धूर देणं ते धूपन. आणि फुलांच्या सहवासात ठेवून वास उतरवून घेणं ते वासन.

आणि यात मराठीचा थेट संबंध आहे. ‘गंधवाद’ नावाच्या ग्रंथाची एक दुर्मीळ पोथी आहे आणि तिच्यावर मराठी टीका आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यानचा मानला. म्हणजे पाचसहाशे वर्षांपूर्वी कोणीतरी मराठी माणूस बसून, वस्तूला वास कसा लावायचा हे आपल्या भाषेत समजावून सांगत होता. ओवी, तुम्ही आज जे करत आहात तेच. मला हे फार हृद्य वाटतं.

म्हणून माझा आग्रह ‘वासन’ किंवा ‘वासित करणे’ या शब्दाचा. धातू आपला, अर्थ नेमका, आणि त्यात ‘सु’ किंवा ‘दु’ काहीच नाही.

---

पाटा-वरवंटा

पोथीवाचक सर, पोथीची माहिती अनमोल, पण ‘वासन’ नको. आजच्या मराठीत त्याच्या शेजारी ‘वासना’ बसलेली आहे. ‘वासित गॅस’ वाचून बाई गोंधळून जाईल. आणि तुम्ही सांगितलेल्या सहाही क्रिया सुख देण्यासाठी केलेल्या. ओडोराइजमध्ये सुखाचा हेतूच नाही. तो वास सहन होऊ नये, माणसाने उठून खिडकी उघडावी, यासाठीच निवडलेला असतो. शब्दात तो हेतू दिसायला हवा, नाहीतर भाषांतर अर्धंच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना हा हेतू समजावताना मी टेक्ससमधल्या न्यू लंडन गावची गोष्ट सांगते. १९३७ सालची, १८ मार्चची. तेलाच्या विहिरींमुळे गाव श्रीमंत होतं, शाळा मोठी आणि नवी होती. खर्च वाचावा म्हणून शाळेने तेलविहिरींवर वाया जाणारा गॅस थेट नळीने घेतला होता. त्या गॅसला वास नव्हता. जोडणी गळत होती आणि गॅस जमिनीखालच्या पोकळीत साचत गेला, कोणालाच कळलं नाही. शाळा सुटायला थोडा वेळ असताना कार्यशाळेतलं लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू झालं, ठिणगी पडली आणि सगळी इमारत वर उचलली जाऊन कोसळली. जवळजवळ ३०० जण गेले, त्यात बहुसंख्य मुलं. काही आठवड्यांतच टेक्ससने गॅसला वास लावणं कायद्याने बंधनकारक केलं आणि मग ती पद्धत जगभर पसरली.

ही गोष्ट सांगते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. दरवर्षी कोणीतरी विचारतं, “मग बाई, आधी का नाही केलं?” माझ्याकडे त्याला उत्तर नसतं. पण एवढं मात्र त्यांना पक्कं कळतं की स्वयंपाकघरातला तो घाणेरडा वास कोणीतरी आपल्या काळजीपोटी तिथे ठेवला आहे.

---

गिरणगाव

पाटा-वरवंटा ताई, वाचून गलबललो.

एक भर. आमच्या लालबागला गॅस कंपनी लेन आहे. १८६५ साली मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर. त्या गॅसला वास लावायची गरजच नव्हती, कारण कोळशातून निघताना गंधकाची आणि डांबराची घाण तो आपल्याबरोबर घेऊनच यायचा. जमिनीतून मिळणारा आणि तेलशुद्धीकरणातून येणारा स्वच्छ गॅस वापरात आला तेव्हा वास गेला आणि वासाबरोबर सूचनाही गेली. ओडोराइज करायची गरज त्या स्वच्छतेमुळे जन्माला आली असं म्हणायला हरकत नाही.

---

यारा नदीकाठचा

मेलबर्नहून लिहितोय. ‘गॅसचा वास’ हा शब्दप्रयोग माणसाच्या मनात किती खोल गेलाय त्याचा इथला एक किस्सा. २०१८ च्या एप्रिलमध्ये इथल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गॅसचा वास येऊ लागला. पाचशेहून जास्त लोकांना बाहेर काढलं, अग्निशमन दलाची माणसं मुखवटे लावून आत गेली. शोधल्यावर काय निघालं, तर एका कपाटात सडत पडलेलं ड्युरियन. फणसासारखं काटेरी दिसणारं, आग्नेय आशियातलं फळ. त्याच्या वासातही गंधकाची संयुगं असतात.

माझ्या मते त्या दिवशी कोणाचंच चुकलं नाही. नाकाने नेमकं तेच केलं जे त्याला शिकवलेलं होतं.

आणि इथल्या कामगारांच्या बोलण्यात, ब्रिटनमध्येसुद्धा, दुसरं एक क्रियापद ऐकू येतं : ‘स्टेंच’. स्टेंच केलेला गॅस, स्टेंच न केलेला गॅस. स्टेंच म्हणजे सरळ दुर्गंधी. तिचंच क्रियापद केलं. कागदावर ओडोराइज, हत्यारं हातात असली की स्टेंच. मराठीतही असं दोन पातळ्यांवर करता येईल का?

---

निळी ज्योत

स्टेंच म्हटल्यावर आठवलं. खोल खाणींमध्ये यंत्रांच्या आवाजात भोंगा ऐकू जात नाही. तेव्हा धोक्याच्या वेळी वायुवीजनाच्या हवेतच मरकॅप्टनसारखा वास सोडतात. हवा जिथे जाते तिथे निरोप जातो. वास आला की कामगारांनी काम टाकून ठरलेल्या सुरक्षित जागी जायचं.

गिधाडांचंही ऐका. कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात वायुवाहिनीवर काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं की जिथे नळी गळते तिथे आकाशात टर्की व्हल्चर घिरट्या घालतात. कुजणाऱ्या मांसातूनही मरकॅप्टन निघतं, त्यामुळे पक्ष्यांना वाटायचं खाली मेलेलं जनावर आहे. नळी कुठे गळते ते पक्षी दाखवायचे. पुढे केनेथ स्टेगर यांनी १९६४ मध्ये या पक्ष्यांच्या घ्राणशक्तीवर जो अभ्यास मांडला त्यात ही हकीकत येते. आपल्याकडची गिधाडं वेगळ्या कुळातली, ती नजरेवर शोधतात, त्यामुळे आपल्याकडे हे जमणार नाही.

---

तिरफळ

डीओडोराइजचं कोणी बोललं नाही अजून! तिथे मराठीत जास्त गोंधळ आहे.

आमच्याकडे ‘वास मारणे’ दोन उलट अर्थांनी वापरतात. ‘बोंबील वास मारतो’ म्हणजे वास सुटलाय. ‘बांगड्याचा वास मारायला तिरफळं घालतात’ म्हणजे वास घालवायला. कर्ता बदलला की अर्थ पालटतो. डीओडोराइज म्हणजे दुसरा अर्थ ना?

---

निळी ज्योत

पुरतं नाही. तिरफळ वास मारत नाही, झाकतं. (तिरफळाच्या बांगड्यापुढे मी कधीही हार मानेन, ते सोडा.) उद्योगात डीओडोराइज म्हणजे वास खरोखर काढून टाकणे. खाण्याचं तेल रिफाइन करताना शेवटी तेच करतात. निर्वात पात्रात तेल दोनशे अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडायची, वाफेबरोबर वासाचे घटक निघून जातात. म्हणून घाण्याच्या शेंगदाणा तेलाची बाटली उघडली की खोलीभर वास आणि रिफाइंडचं झाकण काढलं तर काहीच नाही. मी वाचलेल्या मराठी पुस्तकांत याला निर्गंधीकरण म्हटलंय. मला तो शब्द आवडतो, कळतो.

आणि गंमत म्हणजे अंगावर मारायच्या फवाऱ्याच्या डब्यात दाब देणारा वायू बहुतेक वेळा प्रोपेन-ब्युटेनच असतो, म्हणजे आपल्या सिलिंडरातलाच भाऊबंद. फक्त बिनवासाचा, कारण तिथे मरकॅप्टन घातलं तर अत्तराचं काय होईल! म्हणून सांगतो, देवघरातल्या दिव्यापाशी किंवा शेगडीपाशी तो फवारा मारू नका. तिथे सावध करणारा वास नाही आणि पेट घेण्याचा गुण मात्र तोच आहे.

---

ओवी

‘बिनवासाचा’! हा शब्द लगेच उचलला. ‘अनओडोराइज्ड’ साठी मी ‘अगंधित’ असं काहीतरी लिहून ठेवलं होतं.

आता लावणे, घालणे की आणणे यावर या ना. मला ‘लावणे’ बरं वाटतंय. लोणच्याचा वास डब्याला लागतो, चुलीच्या धुराचा कपड्यांना लागतो. आपोआप झालं की लागणे, मुद्दाम केलं की लावणे. गॅसला वास लावणे.

---

पाटा-वरवंटा

लावणे चालेल, पण ‘लावणे’ वरून चढवतात असं वाटतं. गंध लावतो, रंग लावतो, तेल लावतो. इथे पदार्थ आत मिसळलेला आहे. ‘वास घालणे’ जास्त जवळचं. खिरीत केशर घालतो तसं.

---

पोथीवाचक

‘वासन’ मागे घेतो. :) पण पाटा-वरवंटा यांच्याशी असहमत. माठात वाळ्याची जुडी टाकली की ‘पाण्याला वाळ्याचा वास लागला’ असंच म्हणतो आपण, आणि तिथे वास पाण्यात आतपर्यंत गेलेलाच असतो. म्हणजे लागणे वरवरचं नाही. ‘घालणे’ला पदार्थ लागतो : केशर घालता येतं, वास कसा घालणार? मरकॅप्टन घालतात, वास लागतो.

---

घंटाळी

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय.

माझ्या आईला २०२१ मध्ये कोविड झाला. बरी झाली, पण वास गेला तो आठ महिने आला नाही. एका संध्याकाळी मी कामावरून आले आणि दार उघडताच गॅस नाकात भरला. आई ओट्यापाशी बसून शांतपणे लसूण सोलत होती. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता आणि बटण चालूच होतं. मी काही न बोलता रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, तिला हाताला धरून बाहेर आणलं. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, हे मला कसं सुचलं ते आजही कळत नाही. आई गॅलरीत उभी राहून सारखी म्हणत होती, “अगं, पण वास कुठे येतोय?”

तो वास सगळ्यांसाठी लावलेला आहे आणि तरी तिच्यासाठी नव्हता. ओवी, शब्द कोणताही घ्या, पण ज्यांचं नाक काम करत नाही त्यांच्याबद्दल दोन ओळी पुस्तिकेत नक्की घाला. म्हातारी माणसं, सर्दी झालेली माणसं. त्यांच्या घरी गॅस ओळखणारा भोंगा बसवता येतो, आम्ही बसवला.

---

ओवी

घंटाळी, लिहिलंत हे फार बरं केलंत. आई सुखरूप आहेत हे वाचून हायसं वाटलं. मूळ इंग्रजीत अशा ओळी नाहीत. पुस्तिका काढणाऱ्यांशी आजच बोलते.

---

निळी ज्योत

घंटाळीताई, तुम्ही अगदी बरोबर वागलात. विजेचं बटण चालू करताना जशी ठिणगी पडते तशीच बंद करतानाही पडते, म्हणून विजेच्या कोणत्याच बटणाला हात लावायचा नाही. गळतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो मोकळ्या हवेत येऊन लावायचा.

नाक शाबूत असलं तरी दोन गोष्टी पुस्तिकेत हव्यात. एक, नाक सरावतं. बराच वेळ त्याच खोलीत असलेल्याला वास कमी होत गेल्यासारखा वाटतो आणि बाहेरून आलेल्याला भपकन येतो. दुसरी, एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. उभ्या माणसापेक्षा खाली बसून भाजी निवडणारीला आधी कळतो. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन, तो हलका, वर जातो. त्यालाही वास लावावाच लागतो आणि ते काम शहराच्या वेशीवरच्या केंद्रात होतं.

आणि कधी कधी लावलेला वास उडतो. कोऱ्या किंवा आतून गंजलेल्या लोखंडी टाकीत गंजाशी मरकॅप्टनची क्रिया होते आणि वास मंद पडतो. इंग्रजीत त्याला ‘ओडर फेड’ म्हणतात. मराठीत ‘वास उडणे’ आयतंच आहे. अत्तराचा उडतो, कापराचा उडतो, तसाच हा.

---

गिरणगाव

मध्येच एक सांगू? गेल्या महिन्यात आमच्या चाळीत शेगड्या तपासायला एक मेकॅनिक आला होता. साबणाचं पाणी नळीला लावून बुडबुडे बघत होता. शेजारच्या आजींनी विचारलं, “हा वास कसला रे?” तो मान वर न करता म्हणाला, “आजी, गॅसला वास नसतो. त्यात वासाचं औषध टाकलेलं असतं, गळला की कळावं म्हणून.”

आजींना लगेच कळलं. पुढे काही विचारलं नाही त्यांनी.

---

तिरफळ

वासाचं औषध!!! गिरणगाव, संपला की धागा.

---

पाटा-वरवंटा

थांबा जरा. औषध म्हणजे बरं करणारं, असा गैरसमज नाही का होणार?

---

गिरणगाव

नाही होणार, ताई. उंदराचं औषध, ढेकणाचं औषध, फवारणीचं औषध. आपल्याकडे बाटलीतून मोजून टाकायच्या प्रत्येक गोष्टीला औषधच म्हणतात. ‘वासाचं’ हा शब्दही आधीपासून आहे. वासाचं तेल, वासाची सुपारी, वासाचा तांदूळ.

---

पोथीवाचक

मान्य. आणि त्याच्या वाक्यात हेतूही आला, ‘गळला की कळावं म्हणून’. पाटा-वरवंटा यांची मूळ अट तीच होती. मेकॅनिकने ओडोराइजसाठी एक शब्द शोधलाच नाही, पूर्ण वाक्य सांगितलं.

---

पाटा-वरवंटा

हो, हे पटलं. औषध राहू द्या. फक्त ‘उग्र’ जोडा, म्हणजे वासाच्या तेलाची आठवण येणार नाही.

---

ओवी

मंडळी, पान असं झालंय :

“स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला की लगेच कळावं म्हणून त्यात उग्र वासाचं औषध मिसळलेलं असतं. वास आला की आधी रेग्युलेटर बंद करा. विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका. खिडक्या-दारं उघडा, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि मग १९०६ ला फोन करा. सर्दी झाली असेल किंवा वास येत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी शेगडीपाशी थांबायला सांगा.”

शेवटच्या पानावर शब्दांची छोटी यादी आहे, तिथे ओडोराइज करणे = वास लावणे, अनओडोराइज्ड = बिनवासाचा, ओडर फेड = वास उडणे असं दिलंय. डीओडोराइज पुस्तिकेत येत नाही, पण निर्गंधीकरण मी माझ्या वहीत टिपून ठेवलंय.

संध्याकाळी मावशींना वाचून दाखवते.

---

ओवी

दाखवलं. मावशींनी पूर्ण ऐकलं, मान डोलावली. मग म्हणाल्या, “हे कळलं. पण ताई, सिलिंडर संपत आला की वास का वाढतो? तेव्हा जास्त औषध टाकतात का?”

निळी ज्योत, हे तुमच्याकडे.

---

निळी ज्योत

मावशींना माझा नमस्कार सांगा, फार नेमकं विचारलंय त्यांनी.

औषध एकदाच टाकतात, गॅस भरायच्या आधी. सिलिंडरात गॅस पातळ रूपात असतो, भरलेला असताना १४.२ किलो. आपण शेगडी पेटवतो तेव्हा वरची वाफ जळते आणि खालच्या पातळ गॅसची नवी वाफ होते. प्रोपेन उणे ४२ अंशांवरच उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास, आणि मरकॅप्टन ३५ अंशांना. म्हणजे गॅस भराभर उडून जातो आणि वासाचं औषध तळाशी रेंगाळतं. महिनाभर स्वयंपाक झाला की तळाला गॅस थोडा उरतो आणि त्या मानाने औषध जास्त. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत ज्योत पेटवताना तो वास येतो.

त्यांना सांगा, ताक ठेवून दिलं की वर पाणी सुटतं आणि दाट भाग खाली बसतो. वरचं ओतत गेलं तर शेवटी भांड्यात दाटच उरतं, साधारण तसंच. पण शेगडी बंद असताना वास आला तर सिलिंडर संपत आलाय असं समजून सोडून द्यायचं नाही. तेव्हा गळतीच धरायची आणि तुमच्या पानावर लिहिलंय तसंच करायचं.

---

ओवी

ताकाचं सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, “हे पण लिहा त्यात.” लिहिते आहे.